औषध खिडकीपर्यंत येते कसे?



वैद्यकाचा विषय निघाला की आपण डॉक्टरांविषयी बोलतो, शस्त्रक्रियांविषयी बोलतो, नव्या औषधांविषयी तर फारच बोलतो. परंतु ज्या गोदामातून ते औषध निघते त्याची आठवण कोणासच होत नाही. आज आम्ही त्या गोदामाचीच बाजू मांडणार आहोत.

‘औषध संपले, बाहेरून घ्या’ हे शब्द सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर कोणी ऐकले नाहीत? पगारदार माणसाला तो त्रास वाटतो. मजुरी बुडवून आलेल्या बाईला ती शिक्षाच असते. रोग ओळखला, चिठ्ठी मिळाली, उपचार तेवढा राहिला! आणि त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात तेच औषध मुदत संपून धूळ खात पडलेले असू शकते. पैसा खर्च होऊनही रोगी रिकाम्या हाताने परततो, तेव्हा दोष औषधाचा नसतो, व्यवस्थेचा असतो.

तमिळनाडूने यावर एक उत्तर शोधले. १९९४ साली तेथील सरकारने वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून औषधखरेदी एका हाती आणली. आवश्यक औषधांची यादी ठरवली, तीही व्यापारी नावांनी नव्हे तर मूळ नावांनी. मागणी एकवटली तसे भाव उतरले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी राहिली, साठ्याचा हिशेब संगणकावर आला. मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळेकडे जाऊ लागले. कसोटीस उतरल्यावाचून वाटप नाही. परंतु आम्हांस सर्वांत शहाणपणाचे वाटते ते पासबुक. प्रत्येक दवाखान्याला ठरावीक रकमेचे पासबुक मिळाले आणि त्या मर्यादेत आपल्या रोग्यांना लागेल ते त्याने उचलावे, असे ठरले. वरून लादायचे नाही, खालून मागायचे!

राजस्थानने २०११ साली मोफत औषधयोजना सुरू करताना हाच कित्ता गिरवला. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली गेली. पुढे २०२३ साली स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला.

मात्र खरेदी एका हाती देण्यात धोकाही आहे. तो हात अडला की सारे राज्य अडते. म्हणून निकडीच्या प्रसंगासाठी थोडी रक्कम दवाखान्यापाशीच असावी लागते. शिवाय मागणीचा अंदाज चुकला, पुरवठादाराची बिले थकली, किंवा साठ्याची नोंद वेळेवर झाली नाही, तर उत्तम कायदाही गोळीचे काम करीत नाही.

मग आपण नागरिकांनी काय करावे? पुढच्या खेपेस ‘संपले’ असे ऐकू आले, तर कपाळाला हात लावून परतू नये. नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्या : केव्हा संपले? मागणी केव्हा गेली? माल केव्हा येणार? गावाने हे विचारण्याची सवय लावून घेतली, तर गोदामालाही उत्तर तयार ठेवण्याची सवय लागेल.