हुकूम, आदेश, सूचना : आज्ञेच्या शब्दांचे वजन



शाळेच्या हीरक महोत्सवात मराठीचा विषय निघाला की साहित्याची आठवण प्रथम होते, आणि ते योग्यच आहे. तथापि सामान्य माणसाच्या आयुष्यात कवितेहून अधिक वेळा येणारी भाषा म्हणजे सरकारी कागदाची भाषा होय. जन्माची नोंद, शाळेतील प्रवेश, घराची खरेदी, निवृत्तिवेतन या प्रत्येक टप्प्यावर एखादा आदेश, एखादी सूचना समोर येते. तेथे एका शब्दाचा अर्थ चुकला तर मुदत टळते आणि हक्क हातचा जातो. रायपूरच्या मराठी कुटुंबांना तर अधिकच सावध राहावे लागते. घरात मराठी, कचेरीत हिंदी. लिपी एक आणि कितीतरी शब्द दिसायला सारखे. नवखा शब्द माणूस विचारून घेतो. ओळखीचा शब्द मात्र विचारल्याशिवायच चुकतो.

छत्तीसगढमधील मतदार यादीच्या किंवा निवड यादीच्या सूचनापत्रात ‘दावा-आपत्ति’ हे शब्द हमखास असतात. मराठी कानाला ‘आपत्ती’ म्हणजे संकट. पूर, दुष्काळ, भूकंप. हिंदीत तिचा अर्थ हरकत असा आहे. मराठी जाहिरनाम्यात याच ठिकाणी ‘दावे व हरकती’ असे येते. उलट हिंदीत ‘हरकत’ म्हणजे खोडसाळ कृत्य. ‘संशोधित आदेश’ वाचून मराठी माणसाला कोणी संशोधन केले असे वाटेल. प्रत्यक्षात तो सुधारित आदेश असतो. संविधानात बदल झाला की हिंदीत ‘संविधान संशोधन’ होते, मराठीत ‘घटनादुरुस्ती’. आणि ‘शिक्षा विभाग’ ही पाटी वाचून पहिलीतला मराठी मुलगा बिचकला, तर त्यात त्याचा दोष नाही.

सर्वांत बोलके उदाहरण 2005 च्या एका केंद्रीय कायद्याचे आहे. हिंदीत तो ‘सूचना का अधिकार’, मराठीत ‘माहितीचा अधिकार’. शब्दशः उचलून ‘सूचनेचा अधिकार’ म्हटले असते, तर नागरिकाला सरकारकडून माहिती मागण्याचा हक्क मिळाला आहे, हे मराठी वाचकाला कळलेच नसते. शासनाला उपदेश करण्याचा हक्क मिळाला, असा त्याचा समज झाला असता. हिंदीत सूचना कळवली जाते; मराठीत ती पाळली जाते. शिवाय मराठीतही सूचनेची दोन रूपे आहेत. फळ्यावरची सूचना बंधनकारक असते. सूचनापेटीत टाकलेली सूचना स्वीकारावी की नाही, हे पेटी उघडणाऱ्याच्या मर्जीवर असते.

हे शब्द आपल्यापर्यंत कसे आले, याचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. हुकूम, फर्मान, ताकीद, परवाना हे शब्द अरबी-फारसीतून मराठी दप्तरात आले. राज्याभिषेकानंतरच्या काळात शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. दहा वर्गांतील सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय देण्यात आले. पेशव्यांना मुख्यप्रधान, मुजुमदारांना अमात्य, डबिरांना सुमंत ही नावे त्याच काळातील. तरीही हुकूम गेला नाही. ‘हुकमी एक्का’, ‘हुकमाचा ताबेदार’, ‘हुकूमशाही’ या शब्दांत तो आजही नांदतो. कोशाने शब्द सुचवता येतो. तो टिकवणे लोकांच्या जिभेवर अवलंबून असते.

या दप्तराची एक शाखा छत्तीसगढात पोहोचली होती. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी 1758 मध्ये रतनपूर येथे कारभार हाती घेतला आणि मराठी भाषा व मोडी लिपी येथील राजकारभारात आली. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. पुढे स्वातंत्र्यानंतर रायपूर आणि नागपूर एकाच मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर होती आणि 1950 च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दोन भाषांचा हा सरकारी शेजार संपला. घरांतील शेजार मात्र चालूच राहिला.

मराठीत आज्ञेच्या शब्दांची एक उतरंड आहे. आज्ञा व्यक्तीची असते, वडिलांची, गुरूंची. आदेश अधिकारपदाचा असतो. पदावरचा माणूस बदलला तरी तो राहतो. परिपत्रक अनेक कार्यालयांत फिरते, अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होते, आणि ताकीद म्हणजे आधी सांगितलेलेच पुन्हा कडक शब्दांत बजावणे. क्रियापदांनाही अशीच पायरी आहे. ‘करा’ यात समोर माणूस दिसतो, ‘करावे’ यात नियम दिसतो, आणि ‘करण्यात यावे’ यात कोणीच दिसत नाही. कोणी करावयाचे हे न सांगणारा आदेश टेबलावरून टेबलावर हिंडतो आणि शेवटी जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

उत्तम आदेश कसा असतो, हे शिवाजी महाराजांनी 1673 मध्ये चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेल्या पत्रावरून कळते. दाणा-वैरण जपून वापरावी, एवढेच सांगून ते पत्र थांबत नाही. साठा आताच संपला तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग सैनिक रयतेकडून धान्य-लाकूड ओढून आणतील. आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, हे सारे त्यात समजावले आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंतचा बारकावा त्यात आहे. आज्ञा राजाची होती, नाकारण्याची सोय नव्हती. तरीही कारण सांगितले गेले. ज्याला कारण कळले आहे तो कोणी पाहत नसतानाही आज्ञा पाळतो.

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. छत्तीसगढच्या खेड्यांत कोतवाराची मुनादी आजही ओळखीची आहे. आता तेच काम मोबाईलवर येणारा संदेश करतो. तो वाचून घरातील आजी-आजोबांना समजावून सांगण्याचे काम बहुधा शाळकरी नातवंडाकडे येते. ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, आणि ती नोंदवण्याची शेवटची तारीख अमुक, हे ज्या मुलाला सांगता येते, त्याने मराठी आणि हिंदी दोन्ही खऱ्या अर्थाने शिकल्या असे म्हणावे. मराठी शाळेत शिकून हिंदी प्रदेशात वाढलेल्या मुलाकडे दोन भाषांचे दोन तराजू असतात. शब्द कोणत्या तराजूत तोलायचा, हे त्याला कळावे, एवढी अपेक्षा पालकांनी शाळेकडून अवश्य ठेवावी. आणि घरी आलेला सरकारी कागद मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊन तिला हातभारही लावावा.