‘कॉम्प्युटर चालत नाही’ म्हणजे नेमकं काय होतंय?

बचत गटांच्या समन्वयाचं काम करताना आम्हाला गावोगावहून फोन येतात. हल्ली त्यातले बरेचसे कॉम्प्युटरबद्दलचे असतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: “ताई, कॉम्प्युटर चालत नाही.”

आता ‘चालत नाही’ यात सगळंच आलं. बटण दाबलं तरी दिवा लागत नाही, ते चालत नाही. पासवर्ड घेत नाही, तेही चालत नाही. प्रिंट निघत नाही, मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात, तेही तेच. दुखणी चार आणि नाव एक.

गुरांच्या डॉक्टरला आपण असं सांगतो का? गाय कालपासून रवंथ करत नाही, डावी कूस फुगलीय, सकाळी ओला घास जास्त खाल्ला, हे आपण न विचारता सांगतो. म्हणजे नीट सांगणं आपल्याला येतं. कॉम्प्युटरसमोर मात्र आपण आधीच म्हणून टाकतो, “आम्हाला त्यातलं काही कळत नाही हो.” हे वाक्य फार महागात पडतं. ते ऐकलं की समोरचा समजावणं सोडतो आणि माउस आपल्या हातातून काढून घेतो.

दिंडोरीकडच्या एका ग्रामसंघात हेच झालं. कॉम्प्युटर पासवर्ड घेईना. लेखापाल ताईंनी तो दुकानात नेला आणि ‘चालत नाही’ एवढंच सांगितलं. दुकानदारानं काही न विचारता तो फॉरमॅट केला, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं. सात गटांचा हिशोब गेला. पासबुकं आणि हातवह्या घेऊन तो पुन्हा जुळवायला पंधरा दिवस लागले. एका बाईनं भरलेला हप्ता कुठेच सापडेना, तिला गटासमोर आपण पैसे भरले हे सिद्ध करत बसावं लागलं. आदल्या दिवशी त्याच कॉम्प्युटरवर मराठी पत्र टाइप झालं होतं. कीबोर्ड मराठीवरच राहिला असला तर पासवर्ड चुकणारच! “कालपर्यंत पासवर्ड घेत होता, मध्ये मराठी टाइप केलं, आतल्या फाइली राहिल्याच पाहिजेत,” एवढं जरी बोललं गेलं असतं, तरी दुकानदाराला आधी कीबोर्ड पाहावा लागला असता.

म्हणून दुरुस्तीला देताना फाइलींचं आधी बोला. कागदावर लिहून द्या.

मग आपली ऑपरेटिंग सिस्टीम कोणती ते सांगा. ही घरातल्या कारभारणीसारखी असते. कीबोर्ड, प्रिंटर, फाइली, सगळ्यांना कामं वाटून देते. बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. काही ठिकाणी लिनक्स असते, आपल्या देशातल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही त्यातलीच. विंडोज कोणतं ते पाहायचं तर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत ‘विनव्हर’ टाइप करा, डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर, आणि एंटर दाबा. विंडोज १० दिसलं तर घाबरू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला कंपनीनं त्याचा नेहमीचा आधार थांबवला, पण कॉम्प्युटर त्यामुळे बंद पडत नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबतं, म्हणून पुढे काय करायचं हे मात्र जाणकाराला विचारायला हवं.

स्क्रीनवर इंग्रजीत काही आलं तर त्याचा मराठी अर्थ सांगत बसू नका. अक्षरं, आकडे जसेच्या तसे उतरवा, नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. फोटो पाठवण्याआधी त्यात कुणाचा खाते क्रमांक किंवा पासवर्ड दिसत नाही ना, ते बघा.

निफाडहून एका ताईंनी परवा असं विचारलं: “आमच्याकडे विंडोज १० आहे. काल वीज अचानक गेली. तेव्हापासून प्रिंट दिली की ‘ऑफलाइन’ असं येतं. केबल काढून लावली, दोन्ही बंद करून चालू केले, फरक नाही. उद्या बैठकीची यादी छापायचीय. आता काय पाहू?” आम्हाला उलट एकच प्रश्न विचारावा लागला, प्रिंटरवरचा दिवा कोणत्या रंगाचा आहे.

मराठी अक्षरं बिघडली असतील तर फाइल कुणाकडून आली आणि कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते सांगा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नीट दिसत नाही. युनिकोडची सहसा दिसते.

उत्तर समजलं नाही तर तिथेच थांबवा. “सेटिंगमध्ये जा” म्हणाले, तर “सेटिंग म्हणजे कुठलं चित्र?” असं विचारा. आणि ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं आपोआप स्क्रीनवर आलं, तर तिथे काहीच विचारायचं नाही. फोन करू नका, ओटीपी कुणालाच देऊ नका.

कॉम्प्युटरशेजारी एक दोनशे पानी वही ठेवा. तारीख, काय केलं, काय दिसलं, कशानं सुधारलं, एवढं लिहा. प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, अडलेले प्रश्न तिथे एकेक करून पाहू.