दाराची मूठ

घरातल्या कोणत्या वस्तूला आपला हात सर्वांत जास्त वेळा लागतो, असे कुणी विचारले तर आपण काय उत्तर द्याल? कुणी पाण्याचा तांब्या म्हणेल, कुणी दिव्याचे बटण म्हणेल, तरुण मंडळी खिशातल्या फोनचे नाव घेतील. दाराची मूठ मात्र सहसा कुणाला आठवायची नाही. आणि त्यात नवल नाही. मूठ नीट चालत असते तोवर तिची आठवण राहत नाही. आठवण होते ती ती बिघडल्यावर.

या मुठीबद्दल, म्हणजे बाजारात जिला आपण हँडल म्हणतो तिच्याबद्दल, आणि बिजागरी, कडी, खिट्टी, कुलूप या तिच्या गोतावळ्याबद्दल आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. विषय लहान आहे, हे कबूल. पण त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो काही लहान नाही. घरातली असली किरकोळ दुरुस्ती हे नेमके कुणाचे काम?

मी राहतो त्या खराडीचेच पाहा ना. नगर रस्त्याला लागून, मुळा-मुठेच्या काठचे हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आले. त्याआधीच्या गावांचा व्यवहार कसा चाले हे त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वाचायला मिळते. सुतार आणि लोहार हे बलुतेदार. औते दुरुस्त करायची आणि सुगीत बलुते घ्यायचे, ही त्यांची रीत. म्हणजे दाराची कडी निखळली तरी हाकेच्या अंतरावर जाणता माणूस होता. आणि दारही साधे. कडी, कोयंडा, आतून आडणा, सगळे डोळ्यांना दिसणारे. कुठे काय अडले ते घरातल्या पोरालाही कळे.

आता खराडीत उंच उंच इमारती आहेत. मालक एका गावी, भाडेकरू अकरा महिन्यांच्या कराराने राहणारा, आणि दाराच्या कुलपाचे सारे आतडे लाकडाच्या पोटात दडलेले. हँडल ढिले झाले की भाडेकरू म्हणतो, “घर मालकाचं, त्यानं बघावं.” मालक म्हणतो, “वापरता तुम्ही, तुम्हीच बघा.” सुतार म्हणतो, “एका स्क्रूसाठी येणं परवडत नाही, साहेब.” तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खोटे नाही. पण तोवर हँडल लोंबतच राहते आणि करार संपला की पुढच्या बिऱ्हाडाच्या पदरी पडते.

गंमत म्हणजे या वादाची दखल थेट दिल्लीने घेतली आहे. केंद्र सरकारने २०२१ साली भाडेकरूंसंबंधीचा एक नमुना कायदा मंजूर केला. राज्यांनी त्याबरहुकूम आपापले कायदे करावेत, अशी त्यामागची कल्पना. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल तर रंगरंगोटी आणि इमारतीची मूळ दुरुस्ती मालकाने करायची. नळाचा वायसर बदलणे आणि दारे, कपाटे, खिडक्या यांच्या मुठी व कुलपे बदलणे हे भाडेकरूने करायचे. आपल्याकडे करार लिहिताना ही एक ओळ कुणी घालत नाही. ती घातली तर पुष्कळ कुरबुरी वाचतील.

पण प्रश्न नुसत्या कुरबुरीचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीत एक आजीबाई न्हाणीघरात अडकल्या. घरात दुसरे कुणी नव्हते. आतून मूठ गरगर फिरे, पण लॅचची जीभ काही मागे सरेना. त्यांनी दारावर बादली आपटायला सुरुवात केली. तो आवाज जिन्यात पोचायला अर्धा तास गेला. शेवटी पहारेकऱ्याने दार फोडले. आजी धडधाकट बाहेर आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “अरे, ते दिवाळीपासूनच खुळखुळत होतं.” दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत आठ महिने ते घरातल्या प्रत्येकाच्या हाताला कळत होते!

तेव्हा हाताला कळले की लगेच पाहावे. कसे पाहावे, ते सांगतो.

पहिली परीक्षा अगदी सोपी. दार सताड उघडे ठेवा आणि मूठ दाबून पाहा. उघड्या दारात मूठ सुरळीत चालते, जीभ आतबाहेर होते आणि दार लावले की मात्र अडते, असे असेल तर मुठीचा काही दोष नाही. दार खाली झुकले आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, दार आपल्याच वजनाने ओथंबते आणि जीभ चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाशी जुळत नाही. मग आपण काय करतो? मूठ धरून दार उचलतो आणि लोटतो. साऱ्या दाराचे ओझे त्या बिचाऱ्या मुठीवर येते. अशा दाराला नवी कोरी मूठ बसवली तरी ती लवकरच जुनीइतकीच खुळखुळू लागेल. आधी बिजागरी आवळा. स्क्रूचे भोक मोठे झाले असेल तर त्यात आगकाडीचे तुकडे सुतारी डिंकात बुडवून ठोका, रात्रभर वाळू द्या आणि मग स्क्रू पिळा. तो घट्ट बसतो.

दुसरी गोष्ट पावसाची. आषाढ-श्रावणात लाकूड फुगते आणि दार घासू लागते. त्या दिवसांत घाईने रंधा मारू नये. हवा कोरडी झाली की लाकूड आकसते आणि रंधा मारलेल्या जागी फट राहते. दिवाळीपर्यंत धीर धरावा. तरीही घासत असेल तर खुशाल रंधा मारावा.

आता समजा, उघड्या दारातही मूठ नीट चालत नाही. दाबल्यावर ती वर परतत नाही, पण जीभ हलते. तर मुठीची स्प्रिंग थकली आहे. मूठ दांड्यावर नुसती डुगडुगते. तर तिच्या बुडाशी असलेला बारीक ग्रब स्क्रू सुटला आहे. तो छोट्या ॲलन-कीने आवळता येतो. मूठ फिरते पण जीभ जागची हलत नाही. तर आतला चौकोनी दांडा झिजला असेल किंवा कुलूपच गेले असेल. हा तिसरा प्रकार धोक्याचा. न्हाणीघराच्या दाराला तो दिसला तर उद्यावर ढकलू नये.

कुलूप जड चालू लागले की खोबरेल तेल घालायची आपली जुनी सवय. घरात ते हाताशी असते, एवढाच त्याचा गुण. थंडीत ते थिजते आणि एरवी धूळ धरून त्याचा चिकटा होतो. त्यापेक्षा शिसपेन्सिलीच्या शिशाची भुकटी बरी. ते शिसे म्हणजे वास्तविक ग्रॅफाइट. किल्लीला चोळून ती चारदोन वेळा फिरवली की काम होते.

नवी मूठ आणायला निघालात तर जुनी काढून पिशवीत घ्या. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात, जुनी मूठ समोर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार फार फिरवीत नाही. शिवाय चार मापे टिपून न्या: दाराची जाडी, चौकोनी दांड्याची जाडी, ती बहुधा ८ मिलिमीटर असते, दांड्याच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि पट्टीवरच्या स्क्रूंमधले अंतर. यातले तिसरे माप चुकले तर मूठ कितीही देखणी असो, तुमच्या कुलपावर बसायची नाही. आणि निराळ्या पट्टीसाठी नवी भोके पाडावी लागली तर आतून पोकळ असलेल्या दारात ती कुठे पडतात ते आधी पाहावे. पातळ पत्र्यासारख्या प्लायमध्ये स्क्रू धरत नाही.

झळाळीवरही जाऊ नये. स्वस्त मुठी पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात, वर मुलामा. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे त्यावर रोज उडाले की मुलामा सोलतो आणि खालची खरखर तळहाताला बोचते. न्हाणीघराला स्टेनलेस स्टील बरे. पितळ महाग, पण टिकाऊ. पितळेचा आणखी एक गुण सांगतात. १९८३ साली अमेरिकेत फिलिस कून यांनी रुग्णालयातल्या दारांच्या मुठी तपासल्या, तेव्हा पोलादी मुठींपेक्षा पितळी मुठींवर जंतू कमी आढळले. तांब्याचा हा धर्म आहे. मात्र पितळेवर लाखेचा थर असेल तर तो उपयोगी पडत नाही.

आकार निवडताना घरातल्या सर्वांत दुबळ्या हाताचा विचार करावा. गोल लट्टू दिसतो छान, पण तो मुठीत धरून पिळावा लागतो. संधिवाताच्या बोटांना, साबणाच्या ओल्या हाताला ते जमत नाही. आडवी मूठ कोपराने दाबली तरी दार उघडते. आणि न्हाणीघराला कुलूप असे घ्यावे की ज्याला बाहेरच्या बाजूने खाच असते. अडचणीच्या वेळी नाणे घालून फिरवले की ते उघडते. त्याच दारावर आत वरच्या अंगाला जादा खिट्टी असेल तर ती काढून टाकावी. नाहीतर खाच असून उपयोग काय?

भाड्याच्या घरात हे सगळे मालकाला कळवून करावे. मुख्य दाराच्या किल्ल्या पूर्वी किती हातांत गेल्या ते ठाऊक नसेल, तर पुष्कळ कुलपांत नुसता मधला सिलिंडर बदलता येतो. अख्खे कुलूप काढावे लागत नाही. काढलेली जुनी वस्तू स्क्रूंसकट डब्यात जपून ठेवावी. जाताना ती मालकाच्या हवाली केली की हिशेब चोख राहतो.

एक स्क्रूड्रायव्हर, एक ॲलन-कीचा जुडगा आणि सुट्टीची एक सकाळ, एवढ्यात यातले बहुतेक काम घरच्या घरी होते. गावचा सुतार आता हाकेच्या अंतरावर नाही. म्हणून ज्याच्या हाताला मूठ खुळखुळताना लागली, ते काम त्याचे, असे आपण घरापुरते ठरवून टाकू या. पैसे कुणी द्यायचे ते मागाहून ठरेल. आणि आज रात्री निजण्यापूर्वी न्हाणीघराच्या दाराची मूठ एकदा, दार उघडे ठेवून, फिरवून पाहा.