रक्तदाब आणि पेशींचे कान



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. डॉक्टरकीची पदवी आमच्यापाशी नाही. वाचून आणि जाणत्यांना विचारून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

माणूस संतापला किंवा भ्याला की छाती धडधडू लागते. ही हाक अ‍ॅड्रेनॅलिनची आणि त्याच्या भावंडाची, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची. पण हाकेला ऐकणारा कान लागतो. पेशीवरचे ग्राही हेच ते कान. 1948 साली अमेरिकेतील रेमंड अ‍ॅल्क्विस्ट यांनी त्यांच्या दोन जाती सांगितल्या. अल्फाने हाक ऐकली की रक्तवाहिन्या आवळतात. बीटाने ऐकली की हृदय जोराने धावते, पण काही वाहिन्या सैलही होतात.

गिरणीच्या साचेखात्यात वर्षानुवर्षे राबलेल्यांचे कान बधिर होत. पेशींचेही तसेच आहे. हाकांचा मारा अखंड चालला की बीटा मंदावतो. रक्तदाबाच्या रोग्यांत बीटाची संवेदना उणावलेली अनेक अभ्यासांत आढळली. अल्फाची मात्र तशी उणावत नाही. म्हणजे सैल करणारा हात दुबळा आणि आवळणारा घट्ट! दाब चढण्याच्या अनेक कारणांपैकी हे एक होय.

पुढे 1960 नंतरच्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल हे औषध सिद्ध केले. ते बीटाच्या कानात जणू बोळा घालते. पण शरीर हुशार. ऐकू येईना म्हणून ते कानांची संख्या वाढविते. अशा वेळी गोळी एकाएकी सोडली तर? साधी हाकही गर्जनेसारखी ऐकू येते. हृदयविकार असलेल्याला त्यातून झटका येऊ शकतो, हे 1975 च्या सुमारास डॉक्टरांनी नोंदविले.

आमचे दुखणे येथेच आहे. आमचा कंत्राटी कामगार गोळी सोडतो तो बेफिकिरीने नव्हे. पगार दहा तारखेला आणि पाकीट संपते पंचविसाला! कामगार विम्याचा कायदा आपल्याकडे त्याच 1948 साली झाला, आणि ती योजना आजही चालू आहे. तीत कंत्राटी माणसाच्या वर्गणीची अखेरची जबाबदारी मूळ मालकावर येते. तरीही कित्येकांची नावे नोंदलेली नसतात. ती नोंदवून घेणे हे आमचे काम.

आपल्याकडे एवढेच मागणे: गोळी बंद करायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू करा, आणि शेजाऱ्याची संपली असेल तर त्याला दवाखान्यापर्यंत पोचवा.