राऊटर उलटा बसवताना
(बीबी, ता. लोणार, जि. बुलडाणा येथे तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषण करणारा माणूस नाही. इथे बीबीतच माझं सुतारकामाचं छोटं दुकान आहे. दारं, चौकटी, दिवाण, शोकेस, हे माझं काम. तुम्ही मला ‘कौशल्य’ या विषयावर बोला म्हणालात. त्या मोठ्या शब्दाचं मला फारसं कळत नाही. म्हणून मी एका टेबलाबद्दल बोलतो, आणि या बोटाबद्दल. डाव्या हाताचं पहिलं बोट. पुढचं पेर नाही, दिसतंय ना?

राऊटर म्हणजे काय ते आधी सांगतो. एक मोटर, तिच्या टोकाला पोलादी बिट. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेते. दाराच्या कडेला गोलाई द्यायची, दिल्यासाठी खाच पाडायची, तर पटाशी आणि रंध्याने अर्धा दिवस जायचा. हिने दहा मिनिटांत होतं. पण पट्टी अरुंद असली की तिच्यावर राऊटर टेकत नाही, डुगडुगतो. मग उलटं करायचं. मशीन टेबलाखाली बसवायची, बिट वर काढायचं आणि लाकूड त्याच्यावरून सरकवायचं. हेच राऊटर टेबल.

मी काम औरंगाबादला शिकलो. उस्ताद हाताचे पक्के होते, पण काही विचारलं की म्हणायचे, “देख के सीख.” राऊटर हातात धरून चालवताना काम समोर ठेवायचं आणि बाहेरच्या कडेने डावीकडून उजवीकडे जायचं, हे त्यांनी पाठ करून घेतलं. का, ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गावी आलो, स्वतःचं टेबल बनवलं. पहिली पट्टी घेतली आणि सवयीने डावीकडून उजवीकडे ढकलली. बिटने ती पट्टी हिसकून घेतली, सुसाट उजवीकडे फेकली. मागून जोर लावणारा माझा डावा हात तसाच पुढे गेला.

नियम मला पाठ होता, कारण माहीत नव्हतं. कारण असं आहे: मशीन उलटी केली की वरून पाहणाऱ्याला बिट उलट फिरताना दिसतं. आपल्याकडच्या बाजूला त्याचे दात डावीकडून उजवीकडे जातात. म्हणून लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं, दातांच्या विरुद्ध. मग दात लाकूड अडवतात, आपण ढकलतो, ताबा आपल्याकडे राहतो. दातांच्याच दिशेने नेलं तर ताबा मशीनकडे जातो. एवढंच. हे कुणी दोन मिनिटांत सांगितलं असतं, तर माझं पेर शाबूत असतं.

म्हणून आता टेबल बनवताना प्रत्येक गोष्टीचं कारण सांगतो.

वरची फळी: १८ मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना चिकटवा. सनमायका दोन्ही बाजूंनी लावा. खालची बाजू कोण बघतंय म्हणून पैसे वाचवले, तर एक बाजू ओल धरते, दुसरी धरत नाही आणि फळी वाकते. उंची आपल्या कमरेइतकी, वाकून काम करावं लागू नये.

प्लेट: अ‍ॅक्रिलिकची, बेकेलाइटची किंवा अ‍ॅल्युमिनियमची. फळीत तिच्या मापाचं भोक पाडा, पण काठाला तीन-चार सूत रुंद कंगोरा ठेवा, त्यावर प्लेट बसते. प्लेट आणि फळी एका पातळीत हवी. त्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवून बघा. केसाएवढी पायरी राहिली तरी लाकूड तिथे अडतं, आणि अडलं की आपण जास्त जोर लावतो. बोटं जातात ती अशाच वेळी.

राऊटर बसवणं: मशीनचा प्लास्टिकचा तळ काढा आणि तोच माप म्हणून प्लेटवर दोन बाजूंच्या टेपने चिकटवा. त्याच्या भोकांतून खुणा करा. स्क्रू मशीनच्या आट्यांचेच हवेत, लाकडाचे नकोत. डोकी प्लेटच्या आत बुडवा. तळाचे जुने स्क्रू आखूड पडतात; प्लेट जितकी जाड, तितका लांब स्क्रू आणा.

बिट: इथे लक्ष द्या. बाजारात ६ मिलिमीटर दांड्याचे बिट मिळतात आणि दोन सुताचेही मिळतात. दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर. डोळ्याला फरक कळत नाही, पण दोन सुताच्या कॉलेटमध्ये ६ चा दांडा घट्ट बसत नाही, चालू मशीनमधून सुटू शकतो. दांडा तळापर्यंत घालून दोनेक मिलिमीटर वर उचला, मग आवळा. तळाला टेकलेला राहिला तर आवळल्यासारखा वाटतो, पण पकड धरत नाही. बिट मोठं असेल तर वेग कमी ठेवा.

मागची आधारपट्टी: ती टेबलाच्या कडेला समांतर असावी म्हणून पोरं तासभर टेप लावत बसतात. गरज नाही. बिट गोल आहे, पट्टीपासून त्याचं अंतर तेवढं मोजायचं. मात्र पट्टी फळीशी गुण्यात हवी. आणि लाकूड बिट व आधारपट्टी यांच्या मधून कधीही घालू नका. अडकलं की गोळीसारखं सुटतं.

बटण: आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. गेली की आपण बटण बंद करायला विसरतो, हात टेबलावरच असतो, आणि लाईट येते. म्हणून लाईट आल्यावर आपोआप चालू न होणारं बटण मिळतं, ते लावा. बिट बदलताना प्लग काढा. तोंडाला मास्क बांधा. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था लाकडाच्या भुशाला कर्करोगकारक मानते.

पैशांचं म्हणाल तर २०२३ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. वय १८ पूर्ण हवं. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. घरातल्या एकालाच मिळते, तेव्हा नाव कोणाचं घालायचं ते बसून ठरवा.

शेवटचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी भाची दुकानात आली. बारावी झालेली. मी एका पोराला म्हणत होतो, “उजवीकडूनच ढकल, विचारू नको.” ती म्हणाली, “मामू, का?” मी चिडलो. मग लक्षात आलं, माझ्या तोंडून उस्ताद बोलत होते. मशीनचं पुस्तक इंग्रजीत होतं, खोक्यातच पडून होतं. तिने ते वाचलं, मला विचारून मराठीत एक कागद लिहिला आणि टेबलाला चिकटवला. प्रत्येक नियमासमोर तिने ‘कारण’ असं लिहिलंय. तेव्हापासून नवीन पोरगं आलं की आधी तो कागद वाचतं, मग मशीनला हात लावतं. आता भाचीही तिथे दारांच्या खाचा पाडते, माझ्याहून सफाईने.

आज ते टेबल मी सोबत आणलंय. प्लग माझ्या हातात आहे. एकेक जण पुढे या, नट हाताने फिरवून बघा आणि लाकूड कुठून ढकलायचं ते मला सांगा. पण कारणासकट.