गल्ला म्हणजे नफा नव्हे : फिलिपाइन्सच्या 'तियांगे' बाजारातील धडे

(शेतमाल प्रक्रिया व विक्री या विषयावरील शेतकरी प्रशिक्षण वर्गात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्यांनी दिलेले भाषण)



मी कृषिविद्येचा मास्तर. पेरणी, खताची मात्रा, तणनियंत्रण हे माझे विषय. तरीही आज मी विक्रीविषयी बोलायला उभा आहे, आणि त्याला कारण माझ्याच हातून झालेली एक चूक आहे.

२०१७ साली मी नोकरीत नवीन होतो. आम्ही दत्तक घेतलेल्या गावातील एक महिला बचत गट आवळा कँडी, लोणचे आणि नाचणीचे पापड तयार करीत असे. शहरात चार दिवसांचे प्रदर्शन भरणार होते. मी आग्रह करून या भगिनींना तेथे स्टॉल घ्यायला लावला. गर्दी खूप झाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी पैशाच्या पेटीचे झाकण लागेना. आम्ही सर्व खुशीत गावी परतलो. मग स्टॉलचे भाडे, टेम्पो, चौघींचा जेवण-मुक्काम, चवीला म्हणून वाटलेला माल आणि साखरेची उधारी यांचा हिशेब झाला. पेटी रिकामी झाली आणि वर सातशे रुपये गटाच्या बचतीतून घालावे लागले. गटाच्या अध्यक्षा मला म्हणाल्या, "सर, पेटी तर भरली होती. मग पैसे गेले कुठे?" माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर मला दोन वर्षांनी परदेशात, एका लहानशा बाजारात मिळाले. २०१९ साली भातपिकाच्या प्रशिक्षणासाठी मी फिलिपाइन्समधील लॉस बान्योस या गावी गेलो होतो. १९६० साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था तेथेच आहे. आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेला 'आय. आर. ८' हा वाण तिचाच. आठवडाभर भात आणि सुटीच्या दिवशी बाजार, असा माझा क्रम ठरून गेला.

'तियांगे' म्हणजे काय?

फिलिपाइन्समध्ये उघड्यावर किंवा मांडवाखाली लहान लहान स्टॉलांचा जो बाजार भरतो त्याला 'तियांगे' म्हणतात. हा शब्द मूळचा मेक्सिकोतील. १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश गलबते मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को या बंदरांमध्ये ये-जा करीत. मालाबरोबर हा शब्दही समुद्र ओलांडून आला.

पण या बाजारात उभे राहिले की परके वाटत नाही. दिवसाच्या पहिल्या विक्रीला ते 'बुएना मानो' म्हणतात. पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून भाव थोडा उतरवतात आणि मिळालेली नोट मांडलेल्या मालाला लावतात. ही आपली भवानीच नव्हे काय? भाजी आणि मासळीचे वाटे लावतात, त्याला 'तुम्पोक' म्हणतात. घासाघिशीला 'तावाद' म्हणतात. किरकोळ, सुटे विकण्याला 'तिंगी' म्हणतात. लसणाचा एक गड्डासुद्धा सुटा मिळतो. विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक 'आते' म्हणून हाक मारते, म्हणजे आपल्याकडची 'ताई'.

बाजार तीन तऱ्हेचे

सर्व तियांगे सारखे नसतात. विक्रेत्याच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार रोजच्या पेठेचा. मनिलातील दिविसोरिया हा स्वस्त व ठोक मालाचा भाग, सान हुआन शहरातील ग्रीनहिल्सचा मोत्यांसाठी नावाजलेला बाजार ही त्याची उदाहरणे. येथे कायम गाळा हवा आणि भांडवल हवे. लहान शेतकऱ्याचे हे काम नव्हे.

दुसरा प्रकार ठरलेल्या वाराचा. बाक्लारान येथील चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी विशेष प्रार्थना होते. त्या दिवशी भाविकांची रीघ लागते आणि चर्चभोवती विक्रेत्यांची दाटी होते. मकाती या श्रीमंत शहरात साल्सेडो वस्तीतील रहिवाशांच्या पुढाकाराने २००४ पासून एका उद्यानात शनिवारचा बाजार भरतो. जवळच्या लेगाझ्पी वस्तीत त्याच्या पुढच्या वर्षी रविवारचा बाजार सुरू झाला. ताजी भाजी, फळे, रोपे, घरगुती पदार्थ असा माल सकाळी लागतो आणि दुपारी जागा मोकळी होते.

तिसरा प्रकार हंगामी बाजाराचा. फिलिपाइन्समध्ये सप्टेंबर उजाडला की नाताळचे वारे वाहू लागतात. तेथे १९७५ च्या एका आदेशान्वये मालकाने नोकराला वर्षाला तेरावा पगार द्यावा लागतो, आणि तो २४ डिसेंबरच्या आत. आपल्या दिवाळी बोनससारखाच हा प्रकार. हा पैसा हाती येण्याच्या सुमारास, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, मोठमोठ्या सभागृहांत आणि मैदानांवर 'बझार' भरतात. भाडे जबर, गर्दीही जबर.

माझी चूक येथेच होती. थोडा माल असलेल्या गटाला मी तिसऱ्या प्रकारच्या बाजारात नेऊन बसवले होते.

बाजार चालवणारा काय करतो?

नुसती जागा आखून भाडे घेतले म्हणजे बाजार होत नाही. नीट चाललेल्या तियांगेत पुढील गोष्टी आढळतात.

१) नियम आधी लिहून देतात. जागेचे माप, टेबल-खुर्च्या किती, दिवा किती, विजेचा आकार वेगळा की भाड्यातच, माल कधी लावायचा आणि कधी उचलायचा, ठेव परत कधी मिळणार, हे सर्व कागदावर असते. कोपऱ्यावरच्या किंवा प्रवेशदाराजवळच्या जागेला भाडे जास्त पडते.

२) एकाच मालाचे स्टॉल मर्यादित ठेवतात. दहा जण लोणचे घेऊन बसले तर दहाही बुडतात. म्हणून चांगला आयोजक अर्ज घेतानाच माल विचारतो आणि वर्गवारी करून जागा देतो.

३) परवाने पाहतात. तेथे आपल्या ग्रामपंचायतीसारखी 'बारांगाय' ही सर्वांत खालची संस्था आहे. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने बाजाराची व्यवस्था, परवाने व शुल्क हे विषय स्थानिक संस्थांकडे दिले आहेत. सार्वजनिक बाजारात बसणाऱ्याकडून रोज पावती फाडून शुल्क घेतात. काही भागांत त्याला 'अर्काबाला' म्हणतात. खाद्यपदार्थ विकणाऱ्यास आरोग्य तपासणीचा दाखला लागतो.

४) वजनाची खात्री देतात. गिऱ्हाईकाला माल स्वतः मोजून पाहता यावा म्हणून बाजारात सार्वजनिक काटा ठेवतात. २०२२ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला.

५) वार आणि वेळ चुकवत नाहीत. पाऊस असो, सण असो, शनिवारचा बाजार शनिवारीच. गिऱ्हाईक एकदा येऊन रिकामे परतले की दुसऱ्यांदा येत नाही.

आपल्या तालुक्यात कोणी गट किंवा उत्पादक कंपनी असा बाजार भरवू पाहत असेल, तर दुसरा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. जागा भरण्याच्या मोहाने सर्वांना घेतले, तर पुढच्या वेळी कोणीच येत नाही.

वहीतील हिशेब

आता त्या प्रश्नाच्या उत्तराकडे वळू. लॉस बान्योसच्या बाजारात एक प्रौढ बाई घरच्या फळांचा मुरंबा विकायला बसत. मी त्यांना विचारले, "नाताळच्या मोठ्या बझारला का जात नाही?" त्यांनी वही काढली आणि एक पान दाखवले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आकडे मला पाठ नाहीत, पण मांडणी अशी होती. आपण सोयीचे आकडे धरू. (एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया समजावा.)

समजा, तीन दिवसांच्या बझारचे भाडे ९,००० पेसो. वाहतूक १,५००. दोघांची मजुरी व जेवण ३,०००. पिशव्या आणि चवीला वाटलेला माल १,५००. एकूण खर्च १५,००० पेसो.

मुरंब्याची बाटली १५० पेसोंना विकायची. फळ, साखर, बाटली, इंधन आणि घरची मजुरी धरून ती १०० पेसोंना पडते. म्हणजे बाटलीमागे ५० पेसो सुटतात. १५,००० ला ५० ने भागा. ३०० बाटल्या विकल्या तेव्हा कोठे खर्च निघाला. नफा ३०१ व्या बाटलीपासून. तीन दिवस, रोज दहा तास धरले तर दर सहा मिनिटांना एक बाटली खपली पाहिजे.

आता घासाघीस आली. गिऱ्हाईकाने २० पेसो कमी करायला लावले. भाव तेरा टक्क्यांनीच उतरला असे वाटते. पण सुटणारे ५० चे ३० झाले. १५,००० ला ३० ने भागा. आता ५०० बाटल्या विकाव्या लागतील! पेटी भरलेली दिसेल, कारण ३०० बाटल्यांचे ३९,००० पेसो तिच्यात असतील. पण ३०,००० बाटल्यांच्या किमतीत आणि १५,००० खर्चात गेले. सहा हजारांचा तोटा.

भगिनींनो, आपल्या पेटीतले पैसे गेले ते येथे. गल्ला म्हणजे नफा नव्हे, हे मला बियाणे-खतांच्या हिशेबात कळत होते. स्टॉलच्या हिशेबात कळले नव्हते.

'सुकी' : जोडलेले गिऱ्हाईक

मग त्या बाई कशावर कमावत होत्या? तेथे एक सुंदर शब्द आहे, 'सुकी'. नेहमीच्या गिऱ्हाईकाला सुकी म्हणतात आणि ते गिऱ्हाईकही विक्रेत्याला सुकीच म्हणते. नाते दोन्ही बाजूंचे आहे. सुकीला चांगला माल बाजूला काढून ठेवायचा, चार फळे वर घालायची, खराब निघाले तर बदलून द्यायचे. सुकीने दुसऱ्या स्टॉलवर जायचे नाही. बाईंच्या वहीच्या मागच्या पानांवर सुकींची नावे आणि कोणाला काय आवडते याची नोंद होती. सुकी घासाघीस फारशी करीत नाही, आणि तिला चवीसाठी फुकट माल वाटावा लागत नाही. मोठ्या बझारमध्ये भाडे भरून गर्दी मिळते; सुकी मात्र दर आठवड्याला त्याच जागी बसूनच मिळते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली कर्जाची. फिलिपाइन्समधील विक्रेते 'पाच-सहा' नावाचे कर्ज काढतात. पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे, बहुधा रोजच्या हप्त्याने. हे कर्ज देणाऱ्यांत आपल्या देशातून गेलेले पंजाबी लोक पुष्कळ आहेत. भारतीय माणसाला तेथे 'बुंबाय' म्हणतात. हे नाव आपल्या मुंबईवरून पडले. सुटणाऱ्या पैशातून वीस टक्के व्याज भरून स्टॉल परवडेल काय, याचा विचार आपणच करावा. भाडे उसने काढून भरायचे असेल तर तो स्टॉल घेऊ नये.

दुसरी साठवणुकीची. तेथे मोठ्या कांद्यालाही 'बोंबाय' म्हणतात, हे ऐकून नाशिककडच्या मंडळींना मौज वाटेल. २०२२ च्या डिसेंबरात तेथे लाल कांद्याचा किरकोळ भाव किलोला ६०० पेसोंच्याही वर गेला. शासनाने 'कादिवा' या आपल्या विक्री केंद्रांतून तो १७० पेसोंना विकला आणि लोकांनी रांगा लावल्या. पण त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांचा कांदा केव्हाच विकून झाला होता. भाव होता, जागा होती, शेतकऱ्याकडे माल नव्हता. म्हणून स्टॉलचा विचार करताना माल किती दिवस टिकवता येईल, याचाही विचार आधी करावा.

स्टॉल घेण्यापूर्वी

थोडक्यात, पुढील पाच गोष्टी कराव्यात.

१) सर्व खर्च लिहून काढावा. घरच्या माणसांची मजुरी त्यात धरावी.
२) एका नगामागे किती सुटते ते काढून खर्चाला त्याने भागावे. आलेली संख्या तासावर मांडावी.
३) सर्वांत कमी भाव कोणता, हे घरीच ठरवून जावे आणि त्याखाली उतरू नये.
४) नाशवंत माल ठरलेल्या वाराच्या बाजारात, टिकाऊ माल हंगामी बाजारात न्यावा.
५) आयोजकाकडून नियम लेखी घ्यावेत आणि तुमच्यासारखा माल आणखी किती जणांचा आहे ते विचारावे.

शेवटी त्या गटाविषयी सांगतो. २०२३ साली त्यांना पुन्हा एका मोठ्या प्रदर्शनाचे बोलावणे आले. या वेळी मी आग्रह केला नाही. अध्यक्षाबाईंनी स्वतः पाटीवर हिशेब मांडला. खर्च भरून निघायला ६४० पाकिटे विकावी लागणार होती, आणि घरात माल होता ४०० पाकिटांचा. त्यांनी कळवून टाकले की, येणार नाही. त्याऐवजी तालुक्याच्या आठवडी बाजारात त्यांनी कायमची जागा धरली. तेथे गल्ला लहान आहे. पण परवा मी गेलो तेव्हा एका गिऱ्हाईकासाठी बाजूला काढून ठेवलेली लोणच्याची बरणी मला काही केल्या त्यांनी दिली नाही. "सर, ही नेहमीच्या बाईंची आहे," म्हणाल्या. सुकी हा शब्द मी त्यांना कधी सांगितला नव्हता.