पोळपाट आणि पिठाचा डबा

हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या केपीएचबी कॉलनीत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांत नांदेड-लातूरकडची मराठी मुलंही असतात. कुणी जेएनटीयू विद्यापीठात शिकतं, कुणी क्लासला जातं. जवळ बहुधा थोरल्या भावाचा जुना, लहानसा लॅपटॉप. तो सुरू होईस्तोवर चहा उकळून होतो, आणि मग कुणीतरी सांगतं, 'मेमरी वाढव.'

कोणती मेमरी? घोळ इथंच होतो. रॅम म्हणजे पोळपाट आणि हार्ड डिस्क म्हणजे पिठाचा डबा. डबा मोठा आणला म्हणून पोळ्या भराभर लाटून होत नाहीत. पोळपाटावर मावेनासं झालं की संगणक उरलेलं काम डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसं परत आणतो. या ये-जा करण्यातच यंत्र रखडतं.

रॅम विकत घेण्याआधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप या कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी पाहिली, की किती रॅम वापरात आहे आणि किती स्लॉट भरलेत ते कळतं. पण स्लॉट असला म्हणजे हवी तेवढी रॅम चालेलच असं नाही. २००८ च्या सुमारास निघालेल्या अ‍ॅटम प्रोसेसरच्या बहुतेक नेटबुकना २ जीबीच्या वर रॅम चालत नाही. हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच झाळलेली असते; तिथं पैसे वाचवावेत.

खरेदीला सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चेनॉय ट्रेड सेंटर, लोकांच्या तोंडी 'सीटीसी'. कुकटपल्लीहून मेट्रोनं अमीरपेट, तिथं गाडी बदलून पॅरडाइज. रॅमची जुनी पट्टी सोबत न्यावी, हे फार महत्त्वाचं. डीडीआर३ प्रकारच्या पट्टीला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. डीडीआर३ एल १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५ वर. दिसायला दोन्ही सारख्याच, म्हणून लेबल वाचूनच घ्यावी.

बसवताना चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी, आणि एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. पट्टी कडेला धरून तिरकी सरकवायची, मग हलकेच खाली दाबायची. दोन्ही बाजूंचे चाप 'कट' करून लागले की बसली. जोर लावावा लागला, तर खाच चुकलेली आहे.

आता पार्टिशन, म्हणजे एकाच डिस्कचे वेगळे भाग पाडणं. ५१२ जीबीची डिस्क विंडोज ४७६ च्या आसपास दाखवतं. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' करून सी ड्राइव्ह लहान करता येतो. सीला दीडशे जीबी ठेवून उरलेल्या जागेत डी करावा. डिस्क १२८ जीबीचीच असेल, तर तुकडे करूच नयेत. सी लवकर भरतो आणि अपडेट अडतात. यादीत बिननावाची छोटी पार्टिशनं दिसतात, ती कामाची नाहीत असं समजून काही जण पुसतात आणि लॅपटॉप सुरूच होत नाही. त्यांना हात लावू नये.

डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एकच, ती गेली की सी आणि डी दोन्ही जातात, आणि वर्षभराचा प्रोजेक्ट रिपोर्टही. म्हणून श्रिंकचं बटण दाबण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की वहीत उतरवावी, आणि दिवाळीला गावी जाताना ती बाहेरची हार्ड डिस्क घरच्या कपाटात ठेवून यावी.